लेक वॉशिंग्टन: मैलापाणी थांबलं १९६८ ला, पाणी खरं निवळलं १९७६ ला

गेल्या मे महिन्यातली गोष्ट, शनिवारी सकाळी अमेरिकेतल्या सिॲटलजवळच्या कर्कलंडच्या एका धक्क्यावर मी प्लँक्टन नेट घेऊन गेले होते, मुलगा सोबत होता. नेट म्हणजे बारीक नायलॉनच्या जाळीची शंकूसारखी लांबट पिशवी, तोंडाला कडी, खाली टोकाला छोटी बाटली, दोरीने खाली सोडायची आणि सावकाश वर ओढायची. धक्क्यापाशी पाणी फार खोल नसतं त्यामुळे आठ-दहा वेळा ओढली तेव्हा कुठे बाटलीत वळवळ दिसायला लागली. ती पांढऱ्या बशीत ओतली आणि भिंग लावलं. राजगिऱ्याच्या दाण्याएवढा एक जीव बशीत उड्या मारत होता, एक उडी, मग जरा खाली तरंगत येणं, परत उडी. अंग काचेसारखं आरपार. एकच काळा डोळा, पाठीशी धडधडणारं हृदय, मधून गेलेली आतड्याची हिरवी रेघ (म्हणजे बाईंचं पोट शेवाळाने भरलेलं), आणि पाठीवरच्या पिशवीत पाच अंडी. मुलाने सलग तीनदा मोजली.

ही डॅफ्निया. मराठीत जलपिसू म्हणतात, पण पिसवांशी तिचा काही संबंध नाही, ती कोळंबी-खेकड्यांच्या गणगोतातली. आणि ज्या लेक वॉशिंग्टनच्या काठावर आम्ही बसलो होतो त्याचं पाणी आज जेवढं स्वच्छ दिसतं त्यात तिचा वाटा फार मोठा आहे. ह्या लेकची केस मी पहिल्यांदा वाचली ती कोल्हापुरात, एम.एस्सी.ला असताना. तेव्हा आमचं डिझर्टेशन रंकाळ्याच्या पाण्यावर होतं, पाणी हिरवंगार, उन्हाळ्यात वास, आणि आमच्या बाटलीत येऊन जाऊन ब्रॅकिओनस नावाचा रोटिफर (डॅफ्नियाहून कितीतरी बारीक जीव) आणि एकडोळे सायक्लॉप्स. डॅफ्निया शोधून सापडायची नाही. पुढे लग्न होऊन इकडे आले आणि पुस्तकातला लेक घरापासून दहा मिनिटांवर निघाला, त्यामुळे ह्या विषयात माझा जीव अडकलेला आहे, आणि ही केस नीट, सगळी, मराठीत लिहायची हे डोक्यात बरेच दिवस होतं.

पुस्तकात ही केस दोन ओळींत येते. सांडपाणी सोडलं, लेक खराब झाला, सांडपाणी वळवलं, लेक सुधारला. हे खरंच आहे, पण मधली आठ वर्षं ह्यात गाळली जातात आणि खरी शिकण्यासारखी गोष्ट त्या आठ वर्षांतच आहे.

आधी लेकविषयी. सिॲटल शहर पश्चिमेला, बेलव्ह्यू-कर्कलंड पूर्वेला, आणि मध्ये हे उत्तर-दक्षिण लांबलचक पाणी. क्षेत्रफळ साधारण ८८ चौरस किलोमीटर, सगळ्यात खोल जागा ६५ मीटर, सरासरी खोली ३३ मीटर. हिमनदीने कोरलेला लेक आहे, तळ मऊ आणि खोल, म्हणून तर ह्याच्यावरचे मोठे पूल तरंगते आहेत. १९१६ मध्ये समुद्राशी जोडणारा कालवा झाला तेव्हा पाण्याची पातळी २.७ मीटरच्या आसपास खाली आली, जुनी बाहेर जाणारी ब्लॅक नदी आटली, आणि सीडर नदी जी पूर्वी ह्या लेकमध्ये येत नव्हती ती वळवून ह्याच्यात आणली. सीडर नदी लक्षात ठेवा, ती परत येणार आहे. लेकमधलं पाणी अडीच-तीन वर्षांत एकदा बदलून जातं, हेही लक्षात ठेवा.

घाण दोन खेपांना आली. पहिली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, सिॲटलचं कच्चं मैलापाणी थेट लेकमध्ये जायचं, ते शहराने १९३० च्या दशकापर्यंत बंद करून समुद्राकडे, प्युजेट साउंडकडे वळवलं. लोकांना वाटलं सुटलो. मग १९४० ला पहिला तरंगता पूल झाला, पूर्वेकडची गावं भराभर वाढली, आणि १९४१ पासून लेकच्या काठाने एकेक करत दहाएक छोटे मैलाशुद्धीकरण प्लांट उभे राहिले. आता इथे गंमत नीट समजून घ्या कारण आपल्याकडेही एसटीपी, म्हणजे असाच प्लांट, बसवला की विषय संपला असं धरतात. हे प्लांट चांगले चालायचे, जंतू आणि सडणारा सेंद्रिय माल काढून टाकायचे, बाहेर येणारं पाणी दिसायला बरं असायचं, पण विरघळलेला फॉस्फरस आणि नायट्रोजन त्यातून तसाच पुढे जायचा. म्हणजे शेवाळासाठी खताची बारमाही पाइपलाइनच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असं पाणी दिवसाला साधारण ७५ हजार घनमीटर लेकमध्ये पडत होतं.

१९५५ च्या उन्हाळ्यात युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या लोकांना पाण्याच्या नमुन्यात ऑसिलेटोरिया रुबेसेन्स दिसलं. हे निळं-हिरवं शेवाळ म्हणजे सायनोबॅक्टेरिया, रंगाने तांबूस, बारीक दोऱ्यांसारखं. तिथले प्राध्यापक डब्ल्यू. टी. एडमंडसन ह्यांना ते बघून धक्का बसला कारण स्वित्झर्लंडच्या झुरिच सरोवरात १८९८ च्या सुमारास हेच शेवाळ माजलं होतं आणि तो लेक नंतर बिघडत गेला होता. आता दुसरा कोणी असता तर पेपर लिहून गप्प बसला असता. एडमंडसननी पेपर तर लिहिलाच, १९५६ मध्ये, अँडरसन आणि पीटरसन ह्यांच्यासोबत, पण त्याचबरोबर जेम्स एलिस नावाचा एक वकील शहराच्या सांडपाण्याच्या प्रश्नावर समिती चालवत होता त्याला पत्र लिहून सांगितलं की पुढे काय होणार. फॉस्फरस वाढत राहिला तर शेवाळ वाढणार, पाणी गढूळ होणार, वास येणार, आणि सांडपाणी पूर्ण थांबवलं तर लेक थोड्याच वर्षांत सुधारेल. हे सगळं घडायच्या आधी, सही करून. त्यांच्याकडे १९३३ आणि १९५० चे जुने नमुने आणि मोजमापं होती त्यामुळे तुलना करता आली. जुनी मोजमापं कोणीतरी जपून ठेवली होती म्हणून ही केस आज आहे, हे मला दरवेळी वाचताना जाणवतं.

राजकारणाचा भाग थोडक्यात सांगते. सगळ्या गावांची मिळून एक संस्था काढायची, मेट्रो, असा प्रस्ताव मार्च १९५८ च्या मतदानात पडला, उपनगरांनी पाडला. मग त्यातून वाहतूक, नियोजन वगैरे काढून फक्त सांडपाणी ठेवलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरला तो पास झाला. ज्या लोकांनी पैसे द्यायचे त्यांनीच मत देऊन ठरवलं, लेक पुरता नासायच्या आधी. १९६३ पासून टप्प्याटप्प्याने पाणी वळवायला सुरुवात झाली आणि १९६८ च्या सुरुवातीला शेवटचा प्लांट बंद झाला. वळवलेलं पाणी शुद्धीकरण करून प्युजेट साउंडकडे गेलं जिथे भरती-ओहोटीचा जोर मोठा आहे. मधल्या काळात, १९६३ च्या आसपास, लेक इतका वाईट होता की इथल्या वर्तमानपत्राने त्याला 'लेक स्टिंको' नाव ठेवलं होतं, आपण वासाचं तळं म्हणू तसं.

आता मोजमाप. पाणी किती निवळ हे बघायला सेकी डिस्क वापरतात, काळी-पांढरी थाळी असते, दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि ती डोळ्याआड होते ती खोली लिहायची. इतकं साधं हत्यार की कोणीही वापरावं. १९६३-६४ च्या उन्हाळ्यात ही थाळी जेमतेम एका मीटरवर दिसेनाशी व्हायची. सांडपाणी वळवल्यावर फॉस्फरस झपाट्याने उतरला, वर्षाची सरासरी लिटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या आसपास गेली होती ती सत्तरच्या दशकात २० च्या खाली आली. शेवाळ त्याच्यासोबत पावलाला पाऊल लावून खाली आलं. नायट्रेट आणि कार्बन डायऑक्साइड मात्र तितके उतरले नव्हते. त्या काळी डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवरून अमेरिकेत मोठा वाद चालू होता, काहीजण म्हणायचे शेवाळ वाढतं ते कार्बनमुळे, फॉस्फरसला कशाला दोष देता. १९७० साली एडमंडसनचे हे आकडे आले आणि त्या वादात ते फार वजनदार ठरले.

सेकी डिस्क एक मीटरवरून सत्तरच्या सुरुवातीला तीन-साडेतीन मीटरवर आली. आणि तिथे थांबली. पुढची काही वर्षं जवळजवळ तशीच. सगळ्यांनी धरलं की झालं, लेक बरा झाला, एवढाच तो निवळ असणार. फॉस्फरसचा हिशोब मांडला तरी एवढीच पारदर्शकता यायला हवी होती.

आणि मग १९७६. त्या वर्षी सेकी डिस्क एकदम सहा-सात मीटरवर गेली. फॉस्फरस त्या वर्षी एकदम अर्धा वगैरे झाला नव्हता, कुठला नवीन प्लांट बंद झाला नव्हता. नेट वर काढलं तर बाटलीत डॅफ्निया, भरपूर. १९३३ पासूनच्या नमुन्यांत ती कधी धड दिसलीच नव्हती, एखाद-दुसरी इकडेतिकडे, आणि १९७६ मध्ये तिची भरभक्कम वस्ती झाली आणि पुढे टिकली.

ती काय करते ते जरा जवळून बघू कारण त्याशिवाय हे कळणार नाही. डॅफ्नियाच्या दोन शिंपल्यांसारख्या कवचाच्या आत पायांच्या पाच जोड्या असतात, त्या सतत हलत असतात, त्यातून पाण्याचा झोत आत ओढला जातो आणि पायांवरच्या केसांच्या कंगव्यातून गाळला जातो. जे अडकेल ते पोटाखालच्या पन्हाळीतून तोंडाकडे सरकतं. निवडानिवड फारशी नाही, एकपेशीय शेवाळ, बॅक्टेरिया, कण, जे योग्य मापाचं असेल ते सगळं. आणि हे दिवसरात्र. वर पिल्लं घालायला नर लागत नाही, अनुकूल दिवसांत मादी आपल्यासारख्याच माद्या घालत सुटते आणि काही दिवसांत त्या पोरीही अंड्यांवर येतात. म्हणजे लाखो छोट्या गाळण्या, आणि त्या आपापल्या वाढतात. मोठ्या अंगाची डॅफ्निया जिथे माजते तिथे उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी एकदम काचेसारखं होतं ते ह्यामुळे.

मग प्रश्न असा की ती १९६८ ला का नाही आली? सांडपाणी थांबलं, शेवाळ कमी झालं, ती आठ वर्षं कुठे होती? एडमंडसन आणि आर्नी लिट ह्यांनी १९८२ च्या पेपरमध्ये ह्याचं उत्तर मांडलं आणि ते मला अजूनही सगळ्यात सुंदर वाटतं. दाराला दोन कड्या होत्या. एक निघाली पण दुसरी लागलेली होती.

पहिली कडी म्हणजे निओमायसिस मर्सिडिस. दिसायला आपल्या जवळ्यासारखी, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची कोळंबीसदृश गोष्ट. दिवसा तळाशी बसते, अंधार पडला की वर येते आणि प्राणीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी, खाते, आणि त्यातही तिला डॅफ्निया सगळ्यात जास्त आवडते. हे प्रयोगांतूनही दिसलं की समोर कोपेपॉड (सायक्लॉप्सच्या जातकुळीतले जीव) असले तरी ती डॅफ्निया उचलते. डॅफ्निया सावकाश उड्या मारणारी, कोपेपॉड एका झटक्यात निसटणारे, त्यामुळे साहजिकच आहे. म्हणजे १९३३ मध्ये, लेक बऱ्यापैकी चांगला असतानाही डॅफ्निया नव्हती ती ह्या शिकाऱ्यामुळे. मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. 'स्वच्छ लेक म्हणजे डॅफ्निया, घाण लेक म्हणजे रोटिफर' असं सरधोपट समीकरण विद्यार्थी पाठ करतात (मीही केलं होतं), पण ती नसण्याचं कारण नेहमी घाणच असेल असं नाही.

साठच्या दशकाच्या मध्यात निओमायसिस कमी झाली. का? कारण लाँगफिन स्मेल्ट नावाचा छोटा चंदेरी मासा वाढला, आणि त्याचं मुख्य खाणं निओमायसिस. हा मासा का वाढला? तर तो अंडी घालायला सीडर नदीच्या खालच्या भागात जातो, आणि तिथली नदी खणण्या-उपसण्याची कामं त्या काळात कमी झाल्यामुळे त्याचं फावलं असावं असा कयास मांडला गेला. म्हणजे नदीत काही वर्षं गाळ कमी उपसला, त्याने मासा वाढला, त्याने कोळंबी घटली, त्याने जलपिसू वाचली. ह्यात फॉस्फरसचा संबंध कुठेच नाही! ह्या माशाचं आयुष्य दोन वर्षांचं, सम वर्षी अंडी घालणारी पिढी विषम वर्षीच्या पिढीपेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळे निओमायसिसवरचा ताणही वर्षाआड कमीजास्त होतो, आणि नेटमध्ये ते दिसतं.

तर पहिली कडी साठच्या मध्यातच निघाली होती. मग दुसरी? दुसरी तीच ऑसिलेटोरिया. बाकीचं शेवाळ कमी झालं तरी हे तांबूस दोरे सत्तरच्या दशकातही काही वर्षं रेंगाळत राहिले. आता ती पायांची गाळणी डोळ्यासमोर आणा. तिच्यात छोटे गोल कण आले तर ठीक, पण लांब दोरा आला तर तो केसांच्या कंगव्यात गुंततो, पन्हाळीत आडवा बसतो. मग डॅफ्निया काय करते, शेपटीकडे तिला एक आकडी असते, वाकडी नखासारखी, ती पुढे आणून पन्हाळीतला गुंता ओरबाडून बाहेर फेकते. मायक्रोस्कोपखाली हे बघितलंय मी, रुतलेली गाडी काढायला माणूस जसा जोर लावतो तसं सगळं अंग वाकवून ती ते करते. पण त्या गुंत्याबरोबर तोंडाजवळ आलेलं चांगलं अन्नही बाहेर जातं. पाण्यात दोरे दाट असतील तर ती खाण्यापेक्षा साफसफाईच जास्त करत बसते, काही जाती कवचाची फट अरुंद करून दोरे आत येऊ देत नाहीत पण मग पाणीही कमी येतं. परिणाम एकच, पोट अर्धं, अंडी कमी. इन्फान्ते आणि अबेला ह्यांनी १९८५ च्या पेपरमध्ये लेक वॉशिंग्टनच्याच डॅफ्निया आणि ऑसिलेटोरिया घेऊन हे दाखवलं की दोरे असले की तिची वाढ आणि पिल्लं दोन्ही मार खातात.

फॉस्फरस खाली राहिला तसतशी ऑसिलेटोरिया विरळ होत गेली आणि १९७६ पर्यंत जवळजवळ गेलीच. दुसरी कडी निघाली, दार उघडलं. आणि एकदा डॅफ्निया बसल्यावर तिने उरलेलं शेवाळ चरून पाणी आणखी निवळ केलं.

म्हणजे सांडपाण्याचा डॅफ्नियावरचा परिणाम थेट नव्हता, तो शेवाळाच्या आकारातून आला. किती शेवाळ आहे ह्याच्यापेक्षा कसलं आहे, गोल की दोऱ्यांचं, ह्याने ठरलं. मला वाटतं ह्या केसमधून एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्यावी, आणि आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये हीच नसते. तिथे फॉस्फेट किती, बीओडी (सडणारा माल कुजायला लागणारा ऑक्सिजन) किती, क्लोरोफिल किती हे असतं, पण नेट ओढून बाटलीत कोण आहे ते बघितलेलं नसतं, आणि असलंच तर 'प्राणीप्लवक इतके प्रति लिटर' एवढा एकच आकडा. त्या एका आकड्याचा काय उपयोग? पोषकद्रव्यं वाढली की प्राणीप्लवकांची एकूण संख्या बहुतेकदा वाढतेच! पण त्यात मोठ्या अंगाचे जातात आणि छोट्या अंगाचे येतात, रोटिफर, बॉस्मिना, सायक्लॉप्सची मंडळी, आणि शंभर छोटे मिळूनही एका मोठ्या डॅफ्नियाएवढं पाणी गाळतील असं नाही. बाटली भरलेली दिसते आणि तळं हिरवंच.

ह्या सगळ्या उलथापालथीत एक मंडळी मात्र टिकून होती ती म्हणजे डायॲप्टोमस ॲशलँडी, लांब मिशांचा कोपेपॉड. घाण काळातही लेकमधला मोठा वाटा त्याचा होता. त्याचं कारण त्याच्या जेवणाच्या पद्धतीत आहे. तो सरसकट गाळत नाही, एकेक कण जवळ ओढून, हुंगून म्हणा हवं तर, घ्यायचा की टाकायचा ते ठरवतो. दोरे आले तर सोडून देतो. त्यामुळे ऑसिलेटोरियाचा त्याला डॅफ्नियाएवढा त्रास नाही. पण तो असा चोखंदळ असल्यामुळेच पाणी निवळवायला त्याचा डॅफ्नियाइतका उपयोगही नाही. डायाफॅनोसोमा, एपिश्युरा, आणि स्वतः डॅफ्निया खाणारी लेप्टोडोरा ही बाकीची मंडळीही आहेत, त्यांच्याविषयी परत कधीतरी.

एडमंडसनविषयी एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हे मूळचे रोटिफरवाले. जन्म १९१६, येल विद्यापीठात तळ्यांचे अभ्यासक हचिन्सन ह्यांचे विद्यार्थी. हचिन्सन १९३२ च्या येल नॉर्थ इंडिया एक्सपिडिशनमधून लडाखच्या तळ्यांचे नमुने घेऊन गेले होते, आणि त्यातल्या रोटिफरांवरचा रिपोर्ट १९३४ मध्ये आला तो एडमंडसन आणि हचिन्सन ह्या दोघांच्या नावावर. तेव्हा एडमंडसन अठरा वर्षांचे होते. आपल्या लडाखच्या पाण्यातल्या किड्यांवर नजर बसलेला पोरगा पुढे सिॲटलच्या लेकचं भवितव्य सांगणारा माणूस झाला. पुढे त्यांनी रोटिफरवरच एक पद्धत बसवली, एका मादीमागे अंडी किती आणि त्या तापमानाला अंडं फुटायला वेळ किती ह्यावरून जन्मदर काढायचा. मग संख्या कमी का आहे ते कळतं, जन्मच कमी होताहेत म्हणजे उपासमार, जन्म भरपूर पण संख्या वाढत नाही म्हणजे कोणीतरी खातंय. डॅफ्नियाच्या दोन कड्यांसारखं कोडं सोडवायला असाच विचार लागतो. ते २००० साली गेले.

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, आमच्याकडेही नाले वळवा, आठ वर्षांत डॅफ्निया येईल आणि पाणी निवळेल. इथे मला मनापासून सावध करायचंय. लेक वॉशिंग्टन नशिबवान होता. खोल, थंड, तळाशी उन्हाळ्यातही ऑक्सिजन शिल्लक, त्यामुळे गाळात बसलेला फॉस्फरस तिथेच धरून राहिला, आणि पाणी अडीच-तीन वर्षांत धुऊन निघतं. मिनेसोटातल्या शगावा लेकमध्ये १९७३ पासून सांडपाण्यातला फॉस्फरस काढायला लागले तरी गाळातून उन्हाळ्यात तो वर येत राहिला आणि सुधारणा फार सावकाश झाली. स्वीडनच्या ट्रुम्मेन लेकमध्ये तर शेवटी गाळच उपसून काढावा लागला. आपली शहरातली तळी उथळ आणि कोमट, तळाचा चिखल वर्षानुवर्षांच्या मैल्याने भरलेला, आणि वर प्लवक खाणारे छोटे मासे बाराही महिने हजर. तिथे मोठी डॅफ्निया टिकणं मुळातच अवघड, त्यामुळे तिची वाट बघत बसण्यापेक्षा मोइना, डायाफॅनोसोमा अशा आपल्याकडच्या गाळणाऱ्या मंडळींवर लक्ष ठेवणं जास्त शहाणपणाचं. आणि चिखलाचं काय करणार हे पहिल्या दिवशीच ठरवायला हवं. नाले बंद करून दोन वर्षांनी तळं परत हिरवं झालं की लोक म्हणतात पैसे पाण्यात गेले, आणि मग पुढचं काम कोणी करत नाही.

दुसरी एक गोष्ट जर्मनी-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या कॉन्स्टन्स लेकची. डॅफ्निया प्रतिकूल दिवसांत कवचातली टणक अंडी घालते, ती गाळात दशकानुदशकं जिवंत राहू शकतात. हेअरस्टन आणि सहकाऱ्यांनी गाळाच्या वेगवेगळ्या थरांतली अशी अंडी उबवली आणि १९९९ मध्ये दाखवलं की लेक बिघडायच्या आधीच्या काळातल्या डॅफ्निया सायनोबॅक्टेरिया खायला घातल्यावर खंगायच्या, आणि बिघडल्यानंतरच्या काळातल्या बऱ्यापैकी तग धरायच्या. म्हणजे तिथे दार बंद असताना डॅफ्नियाच बदलली. लेक वॉशिंग्टनमध्ये असं बघायला मिळालं नाही कारण तिची वस्तीच नव्हती बदलायला.

१९७६ नंतर सगळं कायमचं मार्गी लागलं असंही नाही. इथल्या नोंदी १९६२ पासून सलग आहेत आणि २००४ मध्ये विंडर आणि शिंडलर ह्यांनी त्यातून दाखवलं की वसंतात पाणी लवकर तापायला लागलंय, त्यामुळे डायॲटम शेवाळाचा वसंतातला बहर पूर्वीपेक्षा वीस दिवसांहून जास्त आधी येतो. केराटेला नावाचा रोटिफरही त्याच्याबरोबर आधी यायला लागला. डॅफ्नियाला मात्र ते जमलं नाही, ती आपल्या जुन्याच वेळेला येते, तोवर जेवणाची पंगत उठायला आलेली असते, आणि ह्या चुकामुकीबरोबर तिची संख्या घटत गेलेली दिसते. सांडपाण्याला पाइप तरी होता, तो कुठे आहे ते दाखवता येत होतं.

त्या शनिवारी आम्ही बशीत एकूण सात डॅफ्निया मोजल्या, लांब मिशांचे कोपेपॉड मोजता येणार नाहीत इतके होते, आणि दोऱ्यांसारखं शेवाळ भिंगातून कुठे दिसलं नाही. पाण्याचं तापमान, तारीख, किती वेळा नेट ओढलं, हे सगळं मुलाने त्याच्या वहीत लिहिलं, अंड्यांचाही एक वेगळा कॉलम केला, आणि मग आम्ही बशी परत लेकमध्ये ओतली. जूनमध्ये त्याच धक्क्यावर परत जायचंय.